बर्सरीवाल्या बाई

आमच्या बाई कोणाच्याही दाराची बेल वाजवायच्या. ओळख असो नसो. दार उघडलं की म्हणायच्या, "तुमचा मुलगा कंटाळलाय. काहीतरी करा," आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरायला लागायच्या. मुलुंड पूर्वेला त्यांना अर्धवट म्हणणारे पुष्कळ होते. काही लोक दाराच्या भिंगातून बघून दारच उघडायचे नाहीत. पण काही जण मागे वळून पोराला विचारायचे, "काय रे, खरंच कंटाळलायस?" त्यांची पोरं मग बाईंच्या क्लासला यायची.

क्लास म्हणजे चालणं. संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगच्या गेटपाशी जमायचं. बाई खाली यायच्या त्या थांबायच्याच नाहीत. सुती साडी, पायात पुरुषांचे स्पोर्ट्स शूज, खांद्याच्या पिशवीत चणे-कुरमुरे. त्या पुढे, आम्ही मागे, आणि आमच्या मागे दोन-तीन कुत्री. मिठागरांच्या रस्त्याने जायचं आणि यायचं. एका वळणावर गणित सांगायच्या, पुढच्या वळणाच्या आत उत्तर पाहिजे. वही नाही, पेन नाही, सगळं डोक्यात. कोणाची चप्पल तुटली तरी बाई थांबत नसत. "गणित थांबलंय का?" एवढंच विचारायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा तक्रार केली की तुमच्या क्लासमुळे गेटवर गर्दी उभी राहते. बाई चालता चालताच त्याला म्हणाल्या, "आम्ही उभे कुठे राहतो?"

आधी त्या आमच्या शाळेत शिकवायच्या. नोकरी सोडली, कारण मीटिंगमध्ये दोन तास बसायला लावलं. हे कारण त्या अगदी गंभीरपणे सांगायच्या.

मी भांडुपची. डोंगराच्या बाजूला, वर चढत जाणाऱ्या गल्लीत आमची खोली होती. आजोबा गिरणीत होते. गिरणी गेली, मग बाबा कुरियर कंपनीत लागले, पार्सलं पोचवायचे. आई घरी मसाले करून द्यायची. आमची आख्खी गल्ली मालवणी, म्हणजे एका खोलीत शिंकलं की पाचव्या खोलीतून "काय झाला गो?" यायचं. शाळा मात्र मुलुंडला, आणि शाळेत मी म्हणजे डोक्याला ताप. बाकावर बसले की पाय हलायचे, बाक हलायचा, पुढच्याचं डोकं हलायचं. बाईंनी मला वर्गाबाहेर उभी असताना पाहिलं आणि विचारलं, "तुला कशाची चीड येते?"

मोठं होऊन काय व्हायचंय, असं बाईंनी कधी कोणाला विचारलं नाही. हे विचारायच्या. मी म्हटलं, "सगळे मला हळू म्हणतात त्याची. हळू बोल, हळू चाल, हळू हस."

"चालेल," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडून याच्यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, चोरी झालीये. एक चटई, गॅसची शेगडी, बादली, भिंतीला टेकून ठेवलेली पुस्तकं. खुर्ची नाही, कपाट नाही, पलंग नाही. जो येईल त्याने जाताना घरातली एक वस्तू घेऊन जायची, असा त्यांचा नियम होता. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घेऊन घरी गेले तर आई म्हणाली, "चोरलंस काय गो?" तिला दुसऱ्या दिवशी खाली पीसीओवाल्याकडे नेऊन बाईंशी बोलायला लावलं तेव्हा कुठे पटलं. रिकामं घर ही बाईंची हौस होती. आमच्या घरी ती हौस कोणालाच नव्हती, तरी घर रिकामं होतं. हा फरक बाईंना कधी कळला नाही, आणि पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

दहावीच्या वर्षी बाईंनी ती शाळा शोधून काढली. लांब, परदेशात, डोंगरातली बोर्डिंग शाळा. बाहेरच्या देशांतली एखाद-दुसरी मुलं ते दर वर्षी घ्यायचे आणि फी, राहणं, जेवण, विमान, सगळं शाळा द्यायची. त्याला म्हणायचे बर्सरी. परीक्षा झाली, फोनवर मुलाखत झाली, मी दोन्हीत तगले. मुलाखतीच्या तयारीसाठी बाईंनी मला मुलुंडभर इंग्रजीत भांडायला लावलं होतं. उडप्याच्या मॅनेजरला मी इंग्रजीत समजावलं की त्याचं सांबार गोड का नसावं. तो बिचारा "ओके मॅडम, ओके मॅडम" म्हणत राहिला आणि शेवटी त्याने आमचं बिलच घेतलं नाही.

"ही स्कॉलरशिप नाही," बाईंनी आमच्या घरी येऊन सांगितलं. आत आल्या नाहीत, दारातच येरझाऱ्या घालत बोलत होत्या. "स्कॉलरशिप हुशारीला मिळते. बर्सरी गरजेला मिळते. तुमची मुलगी फार हुशार आहे असं नाही. पण गरजू आहे, हे नक्की."

आई शेगडीपाशी बसली होती. ती उठली. "आमी काय भिकारी असंव?"

"गरजू म्हटलं मी."

"ताच ता." आईने पाठ फिरवली. "गिरणी बंद पडली तेवा पण ह्यांच्या बापाशीन कोणापुढे हात पसरूक नाय."

बाबा मधे पडले. म्हणाले, पोरीचं भलं होतंय तर होऊ दे. मग बाईंनी जाता जाता शेवटची गोष्ट सांगितली. शाळेची एक मॅडम मुंबईत येणार होती, निवडलेल्या मुलांची घरं बघायला. तिने घर बघितल्यावरच पक्कं होणार. "काही करायचं नाही," बाई म्हणाल्या. "घर आहे तसं दाखवायचं."

आता सांगा, मालवणी माणसाला कोणी सांगितलं की तुमच्या चेडवाला बघायला पाहुणे येणार आहेत, तर तो घर आहे तसं दाखवेल? बघायला येणं म्हणजे काय हे आमच्या गल्लीला माहीत होतं. मुलगी बघायला येतात तसंच हे. पसंत पडली पाहिजे. आणि मुलगी एकट्या घराची नसते, गल्लीची असते. दोन दिवस आधीपासून हालचाल सुरू झाली. तावडेकाकूंनी त्यांचा फ्रीज दिला. समोरच्या बंड्यादादाने टीव्ही आणला. कोणाचा तरी सोफा आला, तो दारातून जाईना म्हणून त्याचे पाय काढून आत घेतला. गणपती मंडळाने लाल गालिचा दिला आणि तो उंच पंखा, जो फक्त गणपतीसमोर फिरायचा. पडदे आले. आईच्या गळ्यात तावडेकाकूंचा हार आला. बाबांना कोणाच्या तरी लग्नातलं ब्लेझर. मला साडी. कांदेपोहे वरून ओलं खोबरं घालून तयार, आणि बाबांना सगळ्यांनी मिळून एकच वाक्य शिकवलेलं, "नो प्रॉब्लेम, मॅडम." मी म्हणत होते, अगं आई, बाईंनी नको सांगितलंय. पण माझं कोण ऐकतंय. आईचा चेहरा असा खुलला होता की मला पण वाटायला लागलं, झकास दिसतंय घर.

बाईंनी मॅडमला हमरस्त्यापासून वर चालत आणलं. अर्थातच. ती लालबुंद होऊन दारात आली आणि तिच्या मागे बाई. बाई दारात थबकल्या. तोपर्यंत मी त्यांना कशासाठीही थांबलेलं पाहिलं नव्हतं.

मॅडम सोफ्यावर बसली. "सुंदर घर आहे," म्हणाली. आईला तेवढं इंग्रजी कळलं, ती हसली. मॅडमने बाबांना विचारलं, एवढ्याशा जागेत कसं भागतं?

"नो प्रॉब्लेम, मॅडम."

मुलीच्या शिक्षणाचा खर्च झेपतो का?

"नो प्रॉब्लेम."

समजा, शाळेने अर्धीच मदत केली, तर बाकीचं तुम्ही बघू शकाल?

बाबा ताठ बसून, छाती काढून म्हणाले, "नो प्रॉब्लेम, मॅडम."

मॅडमच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. छान होतं, पण निघायची वेळ झाली की माणूस हसतो ना, तसं. मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. मला कळत होतं, वाट लागली. गेलं सगळं. आणि बाहेर गल्लीत सगळे खुशीत, एकमेकांना कोपरं मारत उभे.

बाई बाहेर गेल्या. मला वाटलं, गेल्या त्या, चिडून गेल्या. तर त्या गल्लीत उभ्या राहून म्हणाल्या, "ज्याचं जे आहे ते आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

कोणी हललं नाही. पाहुणी आत असताना तिच्यासमोरून सामान काढायचं, असं कधी कोणी ऐकलंय? मग बाई स्वतः आत आल्या, चालू पंख्याचं बटण बंद केलं, पंखा उचलला. "हा कोणाचा?" बंड्यादादा हळूच म्हणाला, "मंडळाचा." "मंडळात ने." मग टीव्ही. मग पडदे, ते बाईंनीच ओढून काढले. फ्रीजला दोन माणसं लागली, तो नेताना दारात अडकला, आतल्या बाटल्या वाजत होत्या. मॅडमला सोफ्यावरून उठायला सांगितलं. ती उठून भिंतीला लागून उभी राहिली, हातात पोह्यांची बशी. तिच्या पायाखालून गालिचा गुंडाळला. बाबांनी न सांगता ब्लेझर काढलं. आत बनियनवर शर्ट होता, कॉलर विरलेला.

शेवटी आई राहिली. तावडेकाकू दारात आल्या, हाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हवांदे गो. सांजचा दी." आईने बाईंकडे बघितलं. आईने मागे हात नेऊन हार काढला आणि काकूंच्या हातात ठेवला. तिला फासा लवकर सापडत नव्हता, आणि आम्ही सगळे ते बघत होतो.

मग बाई मॅडमला इंग्रजीत म्हणाल्या, "हे यांचं घर. मघाचं होतं ते सगळ्या गल्लीचं होतं, तुमच्या मानासाठी आणलेलं. आता विचारा काय विचारायचं ते."

मॅडमने तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी हळू आवाजात. खर्च झेपेल का? बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिकवलेल्या वाक्यातला एकच शब्द त्यांच्या उपयोगाचा उरला होता.

"प्रॉब्लेम, मॅडम," बाबा मान खाली घालून म्हणाले.

बर्सरी मला मिळाली. पूर्ण. बाईंचं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्याचाच मला संताप येतो. निकाल सांगायला त्या उड्या मारत वर आल्या, तेव्हा आईने माझ्या हाती पाणी पाठवलं आणि स्वतः मसाला कांडत राहिली. "बाईन माका परक्या माणसासमोर उघडी पाडल्यान," एवढंच ती मला नंतर म्हणाली. बाईंना काही समजलंच नाही. मला खाली गल्लीच्या तोंडाशी विचारत होत्या, "काम झालं ना? मग आई रागावली कशाला?" ज्या बाईने स्वतःचं घर लोकांना वाटून टाकलं, तिला रिकाम्या खोलीची लाज कशी समजावायची? आई बाईंशी त्यानंतर बोलली नाही. दिवाळीला फराळ मात्र पाठवायची, माझ्या हाती, मी नसेन तेव्हा बाबांच्या हाती, वर्षानुवर्षं.

त्या शाळेत मी दोन वर्षं काढली. आधी तर नुसती रडत होते. कोण बर्सरीवर आहे हे तिथे कोणालाच कळू देत नसत, फार जपायचे त्या बाबतीत. पण माझं मला माहीत होतं ना. मऊ गादीवर झोपले की डोळ्यांसमोर आईचे हात यायचे, हाराचा फासा शोधणारे. बाईंचा अधूनमधून फोन यायचा. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. थेट गणित. एकदा मी रडत म्हटलं, मला घरी यायचंय. त्या म्हणाल्या, "कशाची चीड येतेय ते आधी शोध. आणि शोधताना चालत राहा, बसू नकोस." मी खरंच मैदानाला चकरा मारायला लागले. चकरा मारता मारता गणिताच्या वर्गात पहिली आले, मग युनिव्हर्सिटी, तिथेही कोणीतरी फी भरली, कारण ती शाळा मागे उभी होती. आता मी पूल किती हलतो ते मोजते. हसू नका, खरंच असं काम असतं. आज या देशातला पूल, उद्या त्या. एका शहरात भाड्याचं घर घेते आणि सामान पूर्ण उघडायच्या आत पुढच्या शहरात जाते. बाईंना कामाबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "चालेल."

लोक सांगायचे की बाईंना लहानपणी कोणी बाहेर जाऊ दिलं नाही, म्हणून त्या पोरांना बाहेर पाठवतात. मी एकदा सुट्टीत आले असताना मिठागरांच्या रस्त्यावर सरळ विचारलं. बाई कुरमुरे चघळत म्हणाल्या, "छे. मला कुठे जायचंच नव्हतं. मला मुलुंड आवडतं. तुला कुठलीच जागा आवडत नाही, म्हणून तुला पाठवलं."

हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं का, की त्यांनी मला तसं केलं? कधी कधी झोप लागत नाही तेव्हा मी हाच विचार करत बसते आणि मग उठून चालायला जाते.

गेल्या दिवाळीत सुट्टीवर आले होते. आता आईबाबा भांडुपलाच, पण खाली, लिफ्टच्या इमारतीत राहतात. दुपारी बेल वाजली. आईने दार उघडलं तर बाई. केस पूर्ण पांढरे, पायात तेच बूट. आत आल्या नाहीत. चौकटीत या पायावरून त्या पायावर होत म्हणाल्या, "तुमच्याकडेच आलेय. हिच्याकडे नाही."

आई दार धरून उभी.

"माहुलला एक कोळ्याची पोर आहे," बाई म्हणाल्या. "तीच शाळा, तीच बर्सरी. परवा घर बघायला येणार. तिच्या आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून एसी, सोफा आणि गळाभर सोनं आणलंय. मी सांगून थकले, ऐकत नाही." मग म्हणाल्या, "तुमच्या वेळेला माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पण काहीतरी चुकलं एवढं कळतं. तुम्हाला माहीत असणार. तुम्ही चला."

एवढ्या वर्षांनी आई बाईंशी बोलेल का, आणि बोलली तर काय? आई एकदम आत गेली. मला वाटलं, झालं, संपलं. ती पदर सारखा करून, पर्स घेऊन बाहेर आली. "चला," म्हणाली. "पण टॅक्सीन जाऊया. तुमच्यावांगडा चलाक माझे गुडघे नाय."

माहुलला तेलाच्या टाक्यांच्या पलीकडे कोळीवाडा. वासाने डोकं भणाणतं, एक तेलाचा, एक वाळत टाकलेल्या मासळीचा. घर छोटं, आणि आत आमच्याच त्या दिवसासारखं सगळं, फक्त गालिचा निळा. आईने उंबऱ्यावर चप्पल काढली, बाई आत शिरणार तोच त्यांना म्हणाली, "बाई, तुमी भायर थांबा. मी सांगतंय."

बाई थांबल्या. मीही दाराबाहेरच राहिले. ती पोर मासळी वाळत घालायच्या बांबूंपाशी उभी होती, नखं खात, पंधरा-सोळा वर्षांची.

आई त्या कोळणीच्या शेजारी खाली फरशीवर बसली. सोफ्यावर नाही. खूप वेळ ती नुसती तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत होती, बोंबील कसे दिलेस, पाणी कधी येतं. मग म्हणाली, "ह्या सगळा आजच परत दी. तूच दी, तुझ्या हातान, कोण बघूक नसताना. मगे तुका कोण उघडी पाडूचा नाय. गळ्यातला तुझा असा ता ऱ्हवांदे. साडी चांगली नेस. चाय कर, ताठ बस, आणि इचारतीत ता खरा सांग. खरा सांगताना मान खाली घालू नको. आमी मान खाली घातली, ता चुकला."

बाई दाराबाहेर येरझाऱ्या घालत होत्या. त्या थांबल्या. मला हळूच म्हणाल्या, "एवढंच होतं?"

"एवढंच," मी म्हटलं. मला बाईंवर ओरडावंसं वाटत होतं.

आत ती कोळीण रडत असावी, आवाज जड झाला होता. "ताई," ती म्हणाली, "तुजी पोर गेली ना? मंग ती परत आली का गो?"

मी तिथेच, पाच पावलांवर उभी होते. आईला ते ठाऊक होतं.

"येता," आई म्हणाली. "वर्साक एकदा येता. पण तिचो पाय आता खयच ठरणा नाय. हय नाय, थय पण नाय."

बाहेर ती पोर नखं खायची थांबून आमच्याकडे बघायला लागली.

"मंग काय करू मी?" कोळीण म्हणाली. "धाडू का नको?"

आईने वळून दारातून माझ्याकडे पाहिलं. बाईसुद्धा हलल्या नाहीत.

"धाड," आई म्हणाली.